परड्यातल्या ओल्या जागेसाठी वाळुंज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडे, खानापूर तालुक्यात जवळजवळ सगळीकडे आणि हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगेच्या काठच्या गावांत एक तक्रार सारखी ऐकू येते. परड्याच्या खालच्या अंगाला मृगापासून दसऱ्यापर्यंत पाणी हटत नाही. तिथं आंबा लावला तो मेला, लिंबू लावलं ते पिवळं पडलं, आता काय लावू? माझं उत्तर बहुतेक वेळा वाळुंज हेच असतं. मात्र त्यासोबत एक कोयताही लागतो. तो का, ते पुढं येईलच.

वाळुंज म्हणजे नेमकं कोणतं झाड?

विलोच्या कुळातलं, आपल्या मातीतलं झाड. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठानं, पाय ओले ठेवूनच वाढतं. पान भाल्याच्या पात्यासारखं लांबट, टोकाला निमुळतं, वरून हिरवंगार आणि खालून राख फासल्यासारखं पांढुरकं. वारा सुटला की पानं उलटतात आणि सगळं झाड क्षणभर चंदेरी दिसतं, लांबून ओळखायची हीच खूण. कोवळ्या शेंड्यांवर रेशमी लव असते आणि जुन्या खोडाच्या सालीला उभ्या खोल भेगा पडतात. कन्नड बोलणाऱ्या माळ्याला ‘नीरंजी’ म्हणून विचारून बघा. नाही उमगलं तर सरळ पान दाखवा.

हे झुडूप आहे की झाड?

मोकळं सोडलं तर झाड, चांगलं दुमजली घराच्या उंचीचं. परड्यात आपल्याला झुडूप हवं असतं आणि वाळुंजाचं झुडूप कोयत्यानं होतं. बुडाजवळ कापलं की खुंटाला चहूबाजूंनी धुमारे फुटतात आणि दाट, माणसाच्या उंचीचा गड्डा तयार होतो. दरवर्षी किंवा वर्षाआड कापायची तयारी नसेल तर लहान परड्यात वाळुंज लावू नका. हे मी आधीच सांगतो, कारण ‘एकदा लावलं की बघायला नको’ असं झाड हवं असणारेच जास्त भेटतात.

नर्सरीत फांद्या खाली लोंबणारा विलो मिळतो, तो चालेल का?

तो वीपिंग विलो, मूळचा चीनकडचा. जगेलही, पण वाळुंज इथल्या पावसाला आणि इथल्या उन्हाळ्याला सरावलेलं असताना त्याच्यासाठी पैसे कशाला घालायचे? आणखी एक घोटाळा बघा. लाल ब्रशसारखी फुलं येणारा, फांद्या लोंबणारा बॉटलब्रश काही जण विलो म्हणून खपवतात. तो ऑस्ट्रेलियाचा, विलोशी त्याचं काही नातं नाही. काश्मीरकडच्या ज्या विलोच्या बॅटी होतात, तोही वेगळा. वाळुंजाची बॅट करायला जाऊ नका.

माझी जागा वाळुंजाला योग्य आहे हे कसं ओळखू?

भर पावसाळ्यात, उघडीप असेल त्या दिवशी हातभर खोल खड्डा काढा. वरून पाणी ओतायची गरजच पडली नाही, खड्डा आपोआप बुडातून भरायला लागला, तर ती उपळाची जागा. तांबड्या मातीखाली जांभा असला की वरचं पाणी जांभ्यातून झिरपत येतं आणि उताराच्या पायथ्याला असं बाहेर पडतं. खानापूर, जांबोटीकडं अशा जागा भरपूर. वाळुंजाला याहून चांगली जागा नाही, कारण हे पाणी हलतं राहतं.

खड्डा भरला नाही, पण ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर ती चिबड जागा. भाताच्या शेतात प्लॉट पडून घरं झाली तिथं हे नेहमीचं. चिखलणीनं पिढ्यान् पिढ्या घट्ट झालेला थर खाली तसाच असतो आणि वर आपण बाग करू बघतो. इथंही वाळुंज येतं. काढलेली माती काळपट-निळसर असेल आणि तिला कुजकट वास येत असेल तरी घाबरू नका. आंब्याची मुळं अशा जागी हवेवाचून गुदमरतात. वाळुंजाचं तसं नाही. ते पाण्यात बुडालेल्या खोडालाच नवी मुळं फोडतं.

तिसरा प्रकार मात्र सोडून द्या. अथणी, रायबाग, चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात काळ्या रानात पाणी साचतं आणि वाळल्यावर वर पांढरा थर येतो. ती क्षारपड जमीन. तिथं आधी निचऱ्याचा आणि क्षाराचा विचार करावा लागतो. माती तपासून घ्या. मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र आणि अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय या दोन्ही जागा आपल्याच जिल्ह्यात आहेत.

मुरूम टाकून जागा भरून घेतली तर कटकटच मिटेल ना?

पाण्याची वाट तीच राहते. तुम्ही चार ट्रॉली मुरूम टाकलात तर ते शेजाऱ्याच्या परड्यात जातं किंवा तुमच्याच पायाच्या भिंतीला लागतं. मग भिंतीला ओल चढते, रंगाचे पोपडे पडतात आणि दोष गवंड्याला मिळतो. घराला लागून पाणी साचत असेल तर चर काढून ते दूर न्या, तिथं झाडाचा उपयोग नाही. पण परड्याच्या टोकाला एक खोलगट कोपरा ओला राहत असेल तर राहू द्या. विहिरीला आणि बोअरला उन्हाळ्यात जे पाणी लागतं, ते अशाच जागांतून मुरतं.

रोप कुठं मिळेल?

रोप शोधत फिरू नका, फांदी शोधा. एखाद्या ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला विचारून चार फांद्या आणल्या की झालं. भीमगडसारख्या अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून मात्र डहाळीही तोडू नका, तो गुन्हा आहे. आणि खाजगी जागेतल्या झाडाला हात लावण्याआधी मालकाला विचारणं हा साधा रिवाज आहे.

फांदी कधी आणि कशी लावायची?

आपल्याकडं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फांद्या काढाव्यात आणि मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की लावाव्यात. हिरवी लुसलुशीत शेंडी घेऊ नका. मागच्या वर्षी वाढलेली, साल तपकिरी झालेली, बोटापासून अंगठ्याएवढी जाड फांदी निवडा. दीड फूट लांबीचे तुकडे करा. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवा, म्हणजे कोणतं टोक खाली जायचं ते चुकत नाही. उलटी लावली तर वेळ आणि फांदी दोन्ही वाया जातात.

तुकडे बादलीत उभे करून सावलीत ठेवा. बुडापासून अर्धे पाण्यात असू द्या आणि पाणी एक-दोन दिवसांनी बदला. थोड्याच दिवसांत बुडालेल्या सालीवर पांढरे बारीक फोड दिसतात आणि त्यांतून मुळांचे धागे निघतात. कधीकधी ते चक्क लालसर-गुलाबी असतात. सडलं की काय म्हणून लोक फेकून देतात. फेकू नका, तीच मुळं. ती बोटभर लांब व्हायच्या आत जमिनीत लावा, नंतर लावताना तुटतात.

लावताना हातोडीनं ठोकू नका. पहारीनं भोक पाडा, तुकडा आत सोडा आणि मातीनं घट्ट दाबा. तीनपैकी दोन हिस्से जमिनीत आणि एक हिस्सा वर. हे प्रमाण चुकवू नका. वरवर लावलेली फांदी पहिल्याच धो-धो पावसात तरंगत कोपऱ्यात जाऊन पडते. शिवाय खोलवर गेलेलं टोक उन्हाळ्यातल्या ओलीपर्यंत पोचतं. कुंपणासारखी रांग हवी असेल तर तीन-चार फुटांवर एकेक लावा. रोपाच्या पिशवीत वगैरे वाढवायची गरज नाही.

बियांपासून करता येईल का?

येईल, पण कशाला? बी कापसाच्या धाग्यांतून उडतं आणि त्याची उगवण्याची ताकद फार थोडे दिवस टिकते. पाकिटातलं वाळुंजाचं बी विकत घेऊ नका.

फूल कसं असतं? नर-मादी वेगळी असतात म्हणे?

असतात. नराचे तुरे एका झाडावर, मादीचे दुसऱ्या. तुरे बोटभर लांब, पाकळ्यांचा थाटमाट नाही. नराचे तुरे परागांनी पिवळे होतात आणि मधमाश्या त्यांवर तुटून पडतात. मादीची बोंडं फुटली की कापूस उडतो. दोरीवर धुणं वाळत घालता तिथं जवळ मादी नको असेल तर तुरे बघूनच नराची फांदी आणा. फांदीपासून केलेलं झाड मूळ झाडाच्याच लिंगाचं होतं, त्यात नशिबाचा भाग नाही.

पावसाळा संपला आणि पानं पिवळी पडून गळाली. मेलं का?

नाही. वाळुंजाची पानगळ पावसाळा सरतानाच होते, इतर झाडांसारखी उन्हाळ्याच्या तोंडावर नव्हे. मग नवी पालवी येते आणि तिच्यामागून थंडीत तुरे. शंका वाटलीच तर नखानं साल किंचित खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं की निर्धास्त राहा.

पहिल्याच पावसाळ्यात रोपं पाण्याखाली गेली तर?

शेंडा पाण्यावर असेल तर काही होत नाही. सगळं रोपच गढूळ पाण्याखाली गेलं आणि आठवडाभर तसंच राहिलं तर मात्र कोवळी पानं कुजतात. २०१९ च्या ऑगस्टसारखा महापूर आला तर कुठलंच नवं रोप टिकण्याची खात्री देता येत नाही. पाणी ओसरल्यावर पानांवर बसलेला गाळ धुऊन काढा, आडवी झालेली रोपं सरळ करून बुडात माती दाबा आणि थांबा. पुष्कळदा बुडातून परत फुटतात.

आमचा ओला कोपरा एप्रिलमध्ये भेगाळतो. तेव्हा काय करायचं?

खरी परीक्षा तिथंच असते, पावसात तर काठीलाही पालवी फुटते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या आणि बुडात भाताचं पिंजर वीतभर जाड पसरा. पिंजर खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. धुण्याभांड्याचं पाणी तिकडं वळवलं तरी चालतं, फक्त सोड्याचं आणि ब्लीचचं पाणी नको. तिसऱ्या वर्षापासून मुळं खाली ओलीला लागतात आणि झाड आपलं आपण बघतं. भेगा दोन-दोन बोटं रुंद पडत असतील आणि पाण्याची सोय नसेल तर ती जागा वाळुंजाची नव्हे, तिथं निर्गुडी लावा.

खत?

वर्षाला एक पाटी कुजलेलं शेणखत. युरिया अजिबात नको. लुसलुशीत वाढ होते आणि माव्याला आमंत्रण जातं.

विहीर, गटार, सेप्टिक टाकी यांपासून किती लांब लावायचं?

निदान ३० फूट, आणि यात तडजोड नको. वाळुंजाची मुळं ओलीच्या दिशेनं पळतात. पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर केसासारखं मूळ त्यातून आत शिरतं आणि आत जाऊन झुपका करतं. मग गटार तुंबलं की रस्ता खणावा लागतो. जांभ्यात बांधलेल्या जुन्या विहिरींना चुना-सिमेंटचा गिलावा नसतो, दगडांच्या फटी उघड्याच असतात. अशा विहिरीच्या काठावर वाळुंज लावणं म्हणजे विहीर ढासळवायची सोय करणं. पेरू-चिकूचं असलं काही ऐकलं नाही म्हणून हसू नका, विलो कुळाची ही खोड जगभर प्रसिद्ध आहे.

याचा सरळ अर्थ असा की ३० बाय ४० च्या प्लॉटवर घर बांधलं असेल तर वाळुंज लावूच नका. त्या ओल्या कोपऱ्यात अळू, वेखंड लावा. ‘कोणत्या दिशेला लावणं शुभ’ असंही हमखास विचारतात. सेप्टिक टाकीच्या विरुद्ध दिशेला.

छाटणी कशी करायची?

लावल्यावर पहिलं वर्ष हात लावू नका. दुसरा पावसाळा होऊन जाऊ द्या. त्यानंतरच्या मे अखेरीला सगळं गुडघ्याएवढ्या उंचीवर कापा. कोयता धारदार हवा. बोथट कोयत्यानं साल सोलली जाते आणि त्या जखमेतून खोडकिडा शिरतो. काप किंचित उतरता ठेवा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. कापल्यावर चार बोडके खुंट दिसतात आणि घरातली मंडळी तुम्हाला बोलतात. मृग-आर्द्रा होईपर्यंत कान बंद ठेवा. खुंटाला एकदम इतके धुमारे येतात की त्यांतले बारके काढावे लागतात. आठ-दहा जोमदार ठेवा, बाकीचे बोटांनीच मोडा.

मेचा शेवट निवडण्याचं कारण हिशेबी आहे. तोवर तुरे आणि बी होऊन गेलेलं असतं, पाऊस तोंडावर असतो आणि कापलेल्या फांद्या लगेच लावायला मिळतात. मधमाश्या आणि फुलपाखरं हवी असतील तर सगळी रांग एकाच वर्षी कापू नका. निम्मी या मेमध्ये, निम्मी पुढच्या.

वर्षानुवर्षं न कापलेलं, मोठं खोड झालेलं झाड असेल तर कोयता घेण्याआधी वनखात्यात विचारून घ्या. कर्नाटकात झाडं तोडण्यावर १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि तो तुमच्या सातबाऱ्यातल्या झाडालाही लागू होऊ शकतो.

छाटलेल्या फांद्यांचं काय करू?

पाला शेळ्या-गुरं खातात. सडपातळ, सरळ फोक लवचिक असतात, त्यांची टोपली विणता येते. आपल्याकडं बुरूड कामाला बांबू सोडून दुसरं काही घेत नाहीत हा भाग वेगळा. मोठे तुकडे जळणाला घेतले तर पटकन पेटतात आणि पटकन संपतात. दोडक्याच्या किंवा वालाच्या मांडवाला हे फोक वापरायचे असतील तर आधी महिनाभर उन्हात कडकडीत वाळवा. ओले रोवले तर दोडका राहील बाजूला, मांडवालाच पालवी फुटेल.

अळ्यांनी पानं खाल्ली. फवारणी करू का?

आधी अळी कुणाची ते बघा. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेलं कॉमन लेपर्ड फुलपाखरू वाळुंजावर अंडी घालतं. त्याची अळी काटेरी दिसते, पण झाडाला मारत नाही. पानं परत येतात. शेंड्यांवर मावा दाटला असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, तरी हटला नाही तर निंबोळी अर्क. खोडात भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे. ती फांदी भोकाच्या खाली कापून जाळून टाका. तुरे आलेले असताना कसलंच औषध मारू नका, मधमाश्या मरतात.

डास वाढतील का? आणि साप?

डास उघड्या साचलेल्या पाण्यात होतात, झाडामुळं नाही. आठवडाभर पाणी टिकणारा खड्डा असेल तर त्यात गप्पी मासे सोडा किंवा बारीक चर काढून पाणी हलतं करा. साप ओल्या जागेत बेडकांसाठी येणारच, वाळुंज असो नसो. बुडातलं गवत काढून जागा नजरेत ठेवा आणि रात्री बॅटरीशिवाय जाऊ नका.

भाताच्या बांधावर लावू का?

ओढ्याकडच्या बांधावर लावा, दोन शेतांच्या मधल्या बांधावर नको. सावलीत भाताची लोंबी नीट भरत नाही. येळ्ळूरच्या बासमतीवाल्याला तुमच्या झाडाची सावली पडली तर तो वाळुंजाचे गुण ऐकून घ्यायला थांबणार नाही. लावायचंच असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला आणि दरवर्षी कापा.

ओढ्याची कड दरवर्षी ढासळते. वाळुंजानं थांबेल?

माती-गाळाची कड असेल तर बरीच थांबते. दोन-अडीच हात लांबीचे जाड खुंट कडेच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या रेषेजवळ दाट लावा. मुळांची जाळी माती धरते आणि लवचिक फांद्या पुरात मोडण्याऐवजी वाकतात. दगडगोट्यांचा, धावत्या पाण्याचा ओढा असेल तर शेरणी लावा. तिची पानंही विलोसारखी लांबट दिसतात, पण ती एरंडाच्या कुळातली. खडकाच्या फटीत मुळं रोवून भर पुरात उभी राहते आणि स्वभावानंच झुडूप आहे, कोयता लागत नाही. उलट साचलेल्या चिखलात मात्र ती रमत नाही. परड्यात वाळुंज आणि वाहत्या ओढ्यात शेरणी, अशी वाटणी ठेवा.

शहरातल्या नाल्याचं पाणी घरात शिरतं म्हणून नाल्यात वाळुंज लावू का, असंही विचारणारे आहेत. नाही. पात्रात लावलेलं झाड पाणी अडवेल आणि त्यात कचरा अडकेल. तो प्रश्न पाण्याची वाट मोकळी करण्याचा आहे.

वाळुंजाची साल औषधी असते ना?

विलोच्या सालीत सॅलिसिन असतं, ते १८२८ मध्ये जर्मनीत वेगळं काढलं गेलं. याच घराण्यातल्या रसायनांवरून पुढं १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं ॲस्पिरिन तयार केलं. म्हणून काढा उकळून प्यायचा नाही. सालीत ते किती आहे हे उकळणाऱ्याला कळत नाही, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना, पित्ताचा त्रास असणाऱ्यांना, लहान मुलांना त्याचा अपाय होऊ शकतो. डोकं दुखत असेल तर डॉक्टरकडं जा.

वाळुंजाच्या खाली आणि आजूबाजूला काय लावता येईल?

अळू सगळ्यात आधी, वड्यांची सोय होते. वेखंड, ब्राह्मी आणि ऐसपैस जागा असेल तर केवडा. केवडा काटेरी आणि पसरणारा आहे, पायवाटेजवळ नको.

आमच्या कोपऱ्यात आधीच बेशरम माजलं आहे. तोडून वाळुंज लावू?

तोडून नाही, उपटून. बेशरम अमेरिकेकडून आलेलं, तुकड्या-तुकड्यानं वाढणारं आणि शेळ्यांना विषारी आहे. उन्हाळ्यात जमीन सुकलेली असताना मुळासकट काढा, दगडावर वाळवा आणि मगच जाळा. एक पावसाळा जागा रिकामी ठेवून परत उगवलेलं काढून टाका आणि पुढच्या मृगाला वाळुंज लावा.

पुढं वाळुंज नको झालं तर काढता येतं का?

येतं, पण नुसतं कापून नाही, तेवढ्यानं ते खूशच होतं. उन्हाळ्यात बुंधा कुदळीनं उकरून मोठी मुळं तोडा आणि खुंट बाहेर काढा. राहिलेल्या मुळांना पावसाळ्यात फुटवे आले तर कोवळे असतानाच ओढा. काढलेल्या फांद्या ओल्या मातीवर ढीग करून टाकू नका, पावसाआधी वाळवून जाळा. नाहीतर परडं साफ केलेल्या जागी पंधरा दिवसांत वाळुंजाची नवी नर्सरी तयार झालेली दिसेल.